खांद्याला आधार देणारा एक्सो आधार देत नाही, उलट खांदा भरून येतो: स्प्रिंगला हात लावण्याआधी काय तपासावे

हात डोक्याच्या उंचीवर धरून काम करणाऱ्यांसाठी जो एक्सोस्केलेटन (थोडक्यात एक्सो; अंगावर घालायचा आधाराचा सांगाडा) वापरला जातो, म्हणजे कमरेचा पट्टा, पाठीमागची दांडी, खांद्याजवळची स्प्रिंग आणि दंडाला धरणारा कफ एवढेच ज्यात असते, मोटार किंवा बॅटरी नसते, त्याविषयी हे लिहीत आहे. वाळूजच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात मी देखभालीचे काम पाहतो. आमच्याकडे गाडीच्या सांगाड्याखाली उभे राहून वरचे बोल्ट आवळण्याची काही ठिकाणे आहेत आणि तिथे हे एक्सो तिन्ही शिफ्टमध्ये वापरले जातात. त्यांच्याबद्दलची एकच तक्रार इतक्या वेळा हाताळावी लागली की तपासणीचा क्रम आता पक्का बसला आहे.

लक्षणे

तक्रार प्रत्येक जण वेगळ्या शब्दांत करतो, पण ती बहुधा पुढीलपैकी एक किंवा दोन असतात.

- हात वर नेला तरी आधार जाणवत नाही, किंवा तो कामाच्या उंचीपेक्षा वर अथवा खाली लागतो.
- हात खाली आणताना जोर लावून दाबावा लागतो आणि तासाभरात दंडाची मागची बाजू व काखेमागचा भाग भरून येतो.
- हात वर नेताना कफ दंडावर सरकतो. कधी काखेत रुततो, कधी कोपराकडे घसरतो.
- कमरेचा पट्टा काम करता करता वर चढतो आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत पोटावर येऊन बसतो.
- डाव्या आणि उजव्या हाताला मिळणारा आधार वेगवेगळा वाटतो.
- खांद्यावरचे पट्टे मानेजवळ काचतात, बोटांना मुंग्या येतात किंवा मांडीची बाहेरची बाजू बधिर होते.
- सांध्यातून कट्‌कट आवाज येतो किंवा हात मध्येच अडकल्यासारखा होतो.

शेवटचे लक्षण यंत्राच्या झिजेचे असू शकते. बाकीच्यांचे मूळ मात्र बहुतेक वेळा मापात असते, स्प्रिंगमध्ये नसते, आणि नेमकी हीच गोष्ट कोणाला पटत नाही. गंगापूरकडून येणारा आमचा एक तरुण फिटर दर आठवड्याला माझ्याकडे येऊन म्हणायचा, “काका, स्प्रिंग जरा वाढवा, आधारच लागंना.” त्याच्या आधीच्या शिफ्टमधल्या कोणीतरी खरोखरच स्प्रिंगच्या जोराचे दोन टप्पे वाढवून ठेवलेले असत. पट्टा चुकीच्या जागी बसला असेल, तर वाढवलेला जोरही चुकीच्याच जागी जातो. दंडाला धक्का जास्त बसतो, आधार मात्र तेवढाच राहतो. म्हणून स्प्रिंगचा टप्पा ही माझ्या क्रमातील शेवटून दुसरी गोष्ट आहे.

हे यंत्र नेमके काय करते

तपासणी समजून करायची असेल तर एक छोटा हिशेब डोक्यात असावा. माणसाच्या एका हाताचे वजन त्याच्या शरीराच्या वजनाच्या साधारण ५ टक्के असते, म्हणजे ७० किलोच्या माणसाचा एक हात सुमारे साडेतीन किलोचा. हात समोर सरळ धरला की त्या वजनाचा मध्य खांद्यापासून जवळपास ३० सेंटीमीटरवर येतो आणि खांद्यावर सुमारे १० न्यूटन-मीटरचा (हे पीळ मोजण्याचे एकक) पीळ पडतो. त्या हातात बोल्ट आवळायची दीड किलोची गन असेल आणि ती खांद्यापासून ६० सेंटीमीटरवर असेल, तर तिचा एकटीचाच आणखी ९ न्यूटन-मीटर पीळ पडतो. हाताने उचललेले वजन लहान असले तरी खांद्याला ते किती मोठे होऊन लागते, ते यावरून कळते.

स्प्रिंग या पिळातील काही भाग उचलते आणि तो दंडाच्या कफपासून पाठीच्या दांडीमार्गे कमरेच्या हाडावर उतरवते. वजन नाहीसे होत नाही, त्याची वाट फक्त बदलते. या वाटेत जिथे कुठे पट्टा सैल, दांडी आखूड किंवा कफ वाकडा असेल, तिथे ते वजन शरीराच्या नको त्या भागावर उतरते. वरची सगळी लक्षणे या एका वाक्यात बसतात.

दुसरी लक्षात ठेवायची गोष्ट म्हणजे कोपर दुमडले की हाताच्या वजनाचा मध्य खांद्याजवळ येतो आणि पीळ कमी होतो, पण दंड त्याच उंचीवर असेल तर स्प्रिंगचा जोर तेवढाच राहतो. त्यामुळे सरळ हाताला योग्य वाटणारा टप्पा दुमडलेल्या हाताला जास्त होतो आणि हात आपोआप वर तरंगू लागतो. माप घेताना हात कामाच्या खऱ्या स्थितीत का ठेवायचा, याचे उत्तर इथे आहे.

पहिली तपासणी: अंगावरचे कपडे आणि खिसे

याला पैसा लागत नाही आणि दोन मिनिटेही लागत नाहीत, तरी ही पायरी सर्वांत जास्त वगळली जाते. कमरेच्या पट्ट्याखाली मोबाइल, किल्ल्यांचा जुडगा, तंबाखूची डबी किंवा पॅन्टच्या पट्ट्याचे जाड बकल असेल, तर एक्सोचा पट्टा हाडावर टेकतच नाही, त्या वस्तूवर टेकतो. दंडावर शर्टची बाही दुमडून वर घेतलेली असेल, तर कफखाली कापडाची जाड वळी येते आणि एका रेषेवर दाब पडून कातडी लाल होते. बाही सरळ खाली घ्यावी, कफखालचे कापड ताणून सपाट करावे आणि खिसे रिकामे करावेत.

आमच्याकडे पैठणहून येणाऱ्या एक ताई सलवार-कुर्त्यावर एप्रन घालून काम करतात. त्यांचा पट्टा रोज वर चढायचा. कारण शोधले तर कुर्त्याचा बाजूचा घेर पट्ट्याखाली गोळा होत होता आणि गुळगुळीत कापडावर पट्टा घसरत होता. कुर्ता पट्ट्याच्या वर ओढून घेतल्यावर ती तक्रार त्याच दिवशी संपली. ओढणी मात्र एक्सोसोबत अजिबात नको. ती सांध्यात किंवा वरच्या फिरत्या भागात अडकू शकते, आणि ही सोयीची नव्हे तर जिवाची बाब आहे.

दुसरी तपासणी: कमरेचा पट्टा

सर्व पट्टे आधी पूर्ण सैल करावेत. अर्धवट आवळलेल्या एक्सोत एकच पट्टा नीट करण्याचा प्रयत्न केला, तर बाकीचे पट्टे त्याला ओढून पुन्हा चुकीच्या जागी नेतात. क्रम नेहमी कमर, मग पाठ, मग खांदे, शेवटी दंड असाच ठेवावा.

हाताचे तळवे कंबरेच्या दोन्ही बाजूंना ठेवून खाली दाबले की हाडाची वरची कड लागते. पट्ट्याचा मध्य त्या कडेवर यावा, म्हणजे पट्ट्याचा अर्धा भाग कडेच्या वर आणि अर्धा खाली राहतो. आपण पॅन्टचा पट्टा बांधतो ती जागा बहुतेकांच्या बाबतीत याहून खाली असते आणि पोट सुटलेल्या माणसाच्या बाबतीत तर बरीच खाली असते. त्यामुळे सवयीने बांधलेला पट्टा जवळजवळ नेहमी चुकतो. मऊ पोटावर बसलेला पट्टा वजन पेलू शकत नाही. तो सरकतो, पाठीची दांडी त्याच्यासोबत सरकते आणि खांद्याजवळचा सांधा जागेवरून हलतो. मग आधार चुकीच्या उंचीवर लागतो, आणि कामगाराला वाटते की स्प्रिंग बिघडली.

पट्टा घट्ट असावा, पण त्यात बोटे सपाट सरकावीत. मांडीची बाहेरची बाजू बधिर होत असेल किंवा तिथे चुरचुर होत असेल, तर पट्टा पुढच्या बाजूने खाली उतरला आहे किंवा फार आवळला आहे असे समजावे. त्या भागातील कातडीची संवेदना वाहणारी नस कमरेच्या हाडाच्या पुढच्या टोकाजवळून जाते आणि तिथला दाब तिला सहन होत नाही. पट्टा वर घेऊन सैल केल्यावरही बधिरपणा टिकून राहिला, तर पुढे प्रयोग न करता डॉक्टरांना दाखवावे.

तिसरी तपासणी: पाठीच्या दांडीची लांबी

माझ्या अनुभवात सर्वांत जास्त दोष इथे सापडतो, आणि त्याचे कारण साधे आहे. एकच एक्सो तीन शिफ्टमध्ये तीन माणसे वापरतात. पहिल्या शिफ्टचा माणूस पावणेसहा फूट उंच आणि दुसऱ्या शिफ्टची ताई पाच फुटांची. दांडीची लांबी कोणी बदलत नाही, कारण बस आलेली असते आणि बदल करायला दोन खटके पाठीमागे हात नेऊन दाबावे लागतात.

यंत्राच्या सांध्याचा आस, म्हणजे तो ज्याभोवती फिरतो ती रेषा, माणसाच्या खांद्याच्या सांध्याच्या समोरासमोर यावा, हा नियम सगळे सांगतात. पण माणसाचा खांदा दारातील बिजागरासारखा एका जागी फिरत नाही. हात वर जाताना पाठीवरचे फऱ्याचे हाडही फिरते. हात पूर्ण वर नेईपर्यंतच्या १८० अंशांपैकी जवळपास ६० अंश त्या फऱ्याच्या हालचालीतून येतात. म्हणजे हात खाली सोडून जुळवलेला आस हात वर नेल्यावर जुळलेला राहत नाही, कारण खांदाच वर सरकलेला असतो. म्हणून मी हात खाली असताना नुसती अंदाजाने लांबी ठेवतो आणि खरी जुळवणी हात कामाच्या उंचीवर धरून करतो.

ही जुळवणी तपासण्यासाठी खडूशिवाय काही लागत नाही. कफ बांधल्यावर हात खाली सोडलेला असताना कफच्या वरच्या कडेशी बाहीवर खडूची रेघ मारावी. नंतर हात हळूहळू समोरून आडवा आणि तिथून डोक्यावर न्यावा, आणि दुसऱ्या माणसाने कड रेघेपासून किती व कुठे सरकते ते बघावे. बोटभर सरकणे चालते. त्याहून जास्त सरकत असेल तर असे ओळखावे.

कफ वर जाताना सतत काखेकडे सरकत राहिला, आडव्या स्थितीत थोडा आणि डोक्यावर आणखी जास्त, तर यंत्राचा सांधा खांद्याच्या खाली आहे; दांडी लांब करावी. सतत कोपराकडे सरकत राहिला तर सांधा खांद्याच्या वर आहे. दांडी आखूड करावी. मात्र कफ आडव्या स्थितीत काखेकडे गेला आणि हात डोक्यावर नेल्यावर पुन्हा रेघेजवळ परत आला, तर उंची बरोबर आहे, सांधा मागे राहिला आहे. तेव्हा दांडीला हात न लावता खांद्याचे पट्टे थोडे ओढून फ्रेम पुढे घ्यावी. हा फरक कळायला मला बराच काळ लागला आणि तोवर मी कित्येकांच्या दांड्या विनाकारण लांब-आखूड केल्या. काही बनावटींत सांधा स्वतःच थोडा पुढेमागे सरकतो. तिथे रेघेची हालचाल कमी दिसते, पण तिची दिशा तीच राहते.

एकदा माप जुळले की दांडीवरील खाचेचा क्रमांक त्या माणसाच्या नावाच्या चिठ्ठीवर लिहून ठेवावा. आम्ही प्रत्येकासाठी वेगळ्या रंगाची टेप दांडीवर चिकटवली आहे; पहिल्या शिफ्टच्या भाऊंची निळी, ताईंची पिवळी. शिफ्ट बदलताना फक्त आपल्या रंगावर आणायचे असते. हा उपाय पाच रुपयांचाही नाही आणि निम्म्याहून जास्त तक्रारी यानेच थांबल्या.

चौथी तपासणी: खांद्याचे आणि छातीचे पट्टे

हे पट्टे फ्रेम अंगाजवळ ठेवण्यासाठी असतात, वजन पेलण्यासाठी नसतात. पट्ट्याखाली हाताचा पंजा सपाट सरकला पाहिजे. मानेजवळ काचत असेल तर पट्टा जास्त आवळला आहे किंवा दांडीची लांबी चुकीची राहून वजन तिथे लटकते आहे, आणि दुसरे कारण असेल तर तिसऱ्या तपासणीकडे परत जावे. फ्रेम खांद्यांपेक्षा रुंद असेल तर कफ दंडाला बाहेर ओढतो आणि हात समोर आणण्यासाठी छातीच्या स्नायूंना काम करावे लागते. रुंदीचा बदल असलेल्या बनावटींत तो करावा, नसेल तर लहान आकाराचा एक्सो मागावा. छातीचा पट्टा स्त्रियांना सोयीच्या उंचीवर येत नसेल तर ओढूनताणून चालवू नये, त्या आकाराचा वेगळा पट्टा मागवावा.

पाचवी तपासणी: दंडाचा कफ

कफ दंडाच्या मध्यावर, काखेपासून आणि कोपरापासून दूर असावा. तो काखेजवळ घेतला की हालचाल मोकळी वाटते म्हणून अनेकांना तसेच आवडते, पण हिशेब करून पाहावा. स्प्रिंग ५ न्यूटन-मीटर आधार देत असेल आणि कफ खांद्यापासून २० सेंटीमीटरवर असेल, तर कातडीवर सुमारे अडीच किलोचा दाब येतो. तोच कफ १५ सेंटीमीटरवर आणला तर तोच आधार मिळण्यासाठी दाब जवळपास साडेतीन किलोचा होतो. तासन्‌तास वाढीव एक किलो एकाच जागी, तेही घामाने ओल्या कातडीवर.

कफ बांधल्यावर त्यात दोन बोटे गेली पाहिजेत. दंडाच्या मागून बाहेरच्या बाजूला जाणारी एक नस हाडाला अगदी लागून असते, आणि आतल्या बाजूने दुसरी जाते. अंगठ्याच्या मुळाशी, हाताच्या पाठीवर मुंग्या येत असतील तर पहिलीवर, करंगळीत मुंग्या येत असतील तर दुसरीवर दाब येत असण्याची शक्यता असते. कोणत्या नसेचे काय झाले याचा निकाल आपण लावायचा नाही. मुंग्या आल्या की एक्सो काढायचा, एवढेच. मनगट वर उचलताना कमजोरी वाटली तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

कफच्या आतले मऊ अस्तर प्रत्येकाचे स्वतंत्र असावे, असा माझा आग्रह आहे. मार्च ते जूनमध्ये मराठवाड्यात पारा ४० अंशांच्या वर जातो आणि शेडमध्ये पत्र्याखाली त्याहून वाईट असते. तीन माणसांच्या घामाने भिजलेले एकच अस्तर म्हणजे नायटा एकमेकांना देण्याची सोय. अस्तर साध्या साबणाने धुऊन सावलीत वाळवावे. उन्हात वाळवल्याने वेल्क्रो आणि लवचिक पट्टी लवकर कडक होतात.

सहावी तपासणी: काम एक्सोचे आहे का

स्प्रिंगकडे जाण्याआधी पाच मिनिटे उभे राहून ते काम पाहावे. हा एक्सो हात खांद्याच्या उंचीवर किंवा त्याहून वर सतत धरावा लागतो अशा कामासाठी असतो. फोर्ड कंपनीने २०१८ मध्ये एक्सोव्हेस्ट नावाचे अशा प्रकारचे ७५ एक्सो ७ देशांतील १५ कारखान्यांत दिले, तेव्हा तिने सांगितलेला आकडा असा होता की जोडणीवरील काही कामगार दिवसाला सरासरी ४,६०० वेळा हात वर उचलतात. अशा कामाला त्याचा उपयोग आहे. पण कामगार अर्धा वेळ खाली वाकून क्रेटमधून बोल्ट उचलत असेल, तर प्रत्येक वेळी त्याला स्प्रिंगच्या विरुद्ध हात खाली दाबावा लागेल. आमच्याकडे एका ठिकाणी एक्सोवर खूप तक्रारी होत्या. बोल्टचा क्रेट जमिनीवरून छातीच्या उंचीच्या स्टँडवर ठेवला आणि त्या थांबल्या. उभे राहायचा फळ्यांचा ओटा सहा इंच वर घेऊन हात खांद्याच्या खाली आणता येत असेल, तर आधी तेच करावे. माणसावर यंत्र चढवण्यापेक्षा काम खाली आणणे केव्हाही बरे.

सातवी तपासणी: स्प्रिंगचा टप्पा

आता स्प्रिंगला हात लावावा. सर्वांत कमी टप्प्यापासून सुरुवात करावी आणि दोन्ही बाजूंचा टप्पा मोजून सारखाच ठेवावा. कामगाराने रोजची गन हातात घ्यावी, कामाच्या उंचीवर, कामात असते तसेच कोपर दुमडून धरावे आणि मग हात सैल सोडायचा प्रयत्न करावा. हात सावकाश खाली येत असेल तर टप्पा बरोबर आहे. झपकन पडला तर एक टप्पा वाढवावा. जागेवर तरंगत राहिला किंवा वर गेला तर एक कमी करावा, कारण तेव्हा गन खाली ठेवण्यासाठी लागणारा जोर दंडाच्या आणि काखेमागच्या स्नायूंना द्यावा लागतो. खांद्याच्या पुढचे स्नायू मोकळे झाले आणि मागचे थकले, एवढाच त्याचा परिणाम. ज्याला वाटते की जास्त टप्पा म्हणजे जास्त आराम, त्याला ही चाचणी स्वतः करायला लावावी. सांगून पटत नाही, हात तरंगला की पटते.

गन बदलली तर टप्पा पुन्हा तपासावा. अर्ध्या किलोचा फरकही हाताच्या टोकाला मोठा होतो.

नव्या माणसाला पहिल्या दिवशी एक तासापेक्षा जास्त आम्ही देत नाही आणि आठवडाभर थोडे थोडे वाढवतो. पहिल्या दोन दिवसांत वेगळ्या स्नायूंना थोडी रग लागणे समजू शकते. तिसऱ्या दिवशी ती वाढत असेल तर पुन्हा दुसऱ्या तपासणीपासून सुरुवात करावी.

एक्सो काढताना एक धोका कायम लक्षात ठेवावा. कफ सुटला की स्प्रिंगला अडवणारे काही उरत नाही आणि यंत्राचा हात झटक्याने वर येऊन तोंडाला किंवा शेजाऱ्याला लागू शकतो. ज्या बनावटीत स्प्रिंग बंद करायचा खटका आहे तिथे तो आधी लावावा, नाहीतर टप्पा शून्यावर आणावा आणि यंत्राचा हात दुसऱ्या हाताने धरूनच कफ सोडावा.

आठवी तपासणी: यंत्राची झीज

इथवर येऊनही आवाज येत असेल किंवा एका बाजूचा आधार कमी वाटत असेल, तर एक्सो अंगावरून काढून टेबलावर पाहावा. सांध्यात साचलेली धूळ आणि लोखंडाचा कीस कोरड्या ब्रशने काढावा. पुस्तिकेत सांगितले नसेल तर तेल किंवा ग्रीस घालू नये. आमच्याकडच्या धुळीत तेल पडले की त्याचा लेप घासणारा होतो आणि जी झीज वर्षाने व्हायची ती महिन्याने होते. पट्ट्यांवर वेल्डिंगच्या ठिणग्यांची भोके, विरलेली शिवण, बकलला तडा, घामातील मिठाने चढलेला गंज, एवढे बघावे. भोक पडलेला पट्टा शिवून वापरू नये.

डाव्या-उजव्या आधारातील फरक मोजण्यासाठी बॅगा तोलण्याचा हातकाटा पुरतो. फ्रेम खांबाला घट्ट बांधून, सर्वांत कमी टप्प्यावर, काट्याचा हूक कफच्या कडक भागाला दोरीने अडकवावा, बाजूला उभे राहून यंत्राचा हात आडव्या स्थितीपर्यंत खाली ओढावा आणि वजन वाचावे. दोन्ही बाजूंना दोरी खांद्यापासून सारख्याच अंतरावर बांधावी आणि वाचन नेहमी खाली ओढतानाच घ्यावे, कारण परत वर सोडताना घर्षणामुळे आकडा कमी दिसतो. एक्सो नवा असतानाच हे दोन आकडे लिहून ठेवले असतील तर नंतर फार उपयोग होतो. दोन बाजूंत स्पष्ट फरक दिसला तर तो एक्सो बाजूला ठेवावा.

कुठे थांबावे

स्प्रिंगचे डबे किंवा नळ्या कारखान्यात कधीही उघडू नयेत, अनुभवी फिटरनेही नाही. आत ताणलेली किंवा दाबलेली स्प्रिंग असते. झाकणाचा शेवटचा स्क्रू निघाला की ती सुटते आणि डोळा जाऊ शकतो. फ्रेमला तडा, वाकलेली दांडी, झिजलेला खटका जो भाराखाली सुटतो, हात मध्येच अडकणे, आणि साफ केल्यावरही टिकणारा आवाज, या सर्वांसाठी बनवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हिसवाल्यालाच बोलवावे.

उंचीवर सेफ्टी हार्नेस घालून काम असेल तर त्याच्यासोबत एक्सो वापरता येतो का, हे कंपनीकडून लेखी घ्यावे. पट्ट्यांवर पट्टे चढले की पडताना हार्नेस जसा धरायला हवा तसा धरत नाही. त्याबद्दल सुपरवायझरने तोंडी दिलेली परवानगी पुरेशी मानू नये.

ज्यांच्या खांद्याची शस्त्रक्रिया झाली आहे, ज्यांना हर्निया आहे, छातीत पेसमेकर आहे, किंवा ज्या गरोदर आहेत, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक्सो घालू नये. एक्सो काढल्यानंतरही रात्री खांदा दुखून झोपमोड होत असेल, हात एका उंचीच्या वर जात नसेल, किंवा बोटांचा बधिरपणा दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत टिकत असेल, तर मापात आणखी फेरफार करत बसू नये; तो खांद्याचा प्रश्न आहे, एक्सोचा नाही. काम करताना छातीत दुखले किंवा दम लागला तर तात्काळ दवाखाना. खांदा भरून आला असेल असे म्हणून ते कोणी अंगावर काढू नये.

सर्व्हिसला एक्सो पाठवताना नुसते “आधार देत नाही” असे लिहून पाठवू नये. आम्ही चिठ्ठीवर हे लिहितो: कोणत्या बाजूला, हात कोणत्या उंचीवर असताना, कोणत्या टप्प्यावर, काट्यावरचे दोन्ही आकडे, दांडीची खाच, आणि वरच्या तपासण्यांपैकी कुठपर्यंत केल्या. ही चिठ्ठी सोबत गेली की पहिल्याच फेरीत दुरुस्ती होऊन एक्सो परत येतो, आणि ज्या कामगाराचा तो आहे त्याला चार दिवस नुसत्या हाताने वरचे बोल्ट आवळत बसावे लागत नाही.